आक्का लंकेला गेल्या तेव्हा

"बसून काय करायचं, सांगा बरं!"

हे वाक्य आक्का दिवसातून किती वेळा म्हणत असतील, देव जाणे. आणि वाक्य संपायच्या आत त्यांचे हात कामाला लागलेले असायचे. थेरगावात डांगे चौकाजवळ माझं सहलींचं छोटं ऑफिस आहे. तिथं त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा त्यांचा मुलगा माझ्याशी बोलत होता आणि या खुर्चीच्या टोकावर टेकल्या होत्या. जरा वेळानं बघते तर खुर्ची रिकामी. आक्का खिडकीशी उभ्या राहून माझ्या मनीप्लँटची पिवळी पानं खुडत होत्या. मग कुंडीतली माती त्यांनी बोटानं उकरून सैल केली, हात लुगड्याला पुसले आणि मला म्हणाल्या, "पानी कमी घालत जा गं पोरी. बुडून मरंल ते."

तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील. भाजीवाल्यापाशी उभ्या राहिल्या तर त्याच्याच मेथीच्या जुड्या नीट लावून देतात. लग्नाला गेल्या तर आहेर राहतो बाजूला, आधी आचाऱ्याजवळ बसून लसूण सोलायला घेतात. आक्का त्यांतल्याच. रंगानं काळ्यासावळ्या, अंगानं काटक, कपाळावर गोंदण, नऊवारी लुगडं, आणि खाली नातीनं हट्टानं घेऊन दिलेले पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज.

चाकणजवळच्या एका गावचं हे घर. पिढ्यान्‌पिढ्या कांद्या-बटाट्याचं रान. कारखाने आले तशी जमीन गेली. मुलानं ट्रक घेतले, कंपन्यांचा माल वाहायला लागला, धंद्यात बरकत आली आणि सगळं कुटुंब वाकडला एका उंच इमारतीत राहायला आलं. तिथं आक्कांचे हाल सुरू झाले. घरात धुण्याला मशीन, भांड्यांना बाई, स्वयंपाकाला बाई. एकदा त्या खाली सोसायटीच्या बागेत उकिडव्या बसून गवत काढत होत्या. वॉचमननं हटकलं. दुसऱ्या दिवशी कमिटीचा निरोप आला की रहिवाशांनी हिरवळीला हात लावू नये. हे त्यांनी मला नंतर प्रवासात सांगितलं. "हिरवळ कसली, निस्ता हराळीचा कोंब. त्येला हात लावायची चोरी!"

मुलगा चांगला होता. मनापासून आई-वडिलांचं करणारा. त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती म्हणून त्यानं श्रीलंकेची सहल ठरवली होती. मला म्हणाला, "ताई, एक नंबर झालं पाहिजे सगळं. गाडी, हॉटेल, जेवण, सगळं राजा-राणीसारखं. आई-दादांना तिथं कशालाच हात लावायला लागता कामा नये. आणि तुम्ही स्वतः बरोबर जा. त्यांना भाषेचं काही जमायचं नाही."

आक्कांनी मनीप्लँटकडून मान वळवली. "कशालाच हात लावायचा न्हाई? मग जायाचं कशाला?"

दादा, म्हणजे शेजारच्या खुर्चीवर बसलेले आक्कांचे यजमान, नुसते हसले. मुलगा त्यांना दादा म्हणायचा म्हणून मीही तेच म्हणायला लागले.

विमानात जेवण झाल्यावर आक्कांनी आपला ट्रे पुसला. दादांचा पुसला. मग मधल्या वाटेच्या पलीकडं बसलेल्या अनोळखी माणसाचाही मागून घेतला आणि सगळे एकावर एक रचून हवाईसुंदरीच्या हातात दिले. ती बिचारी इतकी गोंधळली की तिनं आक्कांना वाकून नमस्कारच केला.

कोलंबोला विमानतळावर लांबलचक गाडी घेऊन आमचा ड्रायव्हर उभा होता. मध्यमवयीन, हसतमुख सिंहली गृहस्थ, गाईडही तोच. हिंदी सिनेमे बघून आणि पाहुणे फिरवून फिरवून त्याला मोडकंतोडकं हिंदी यायचं. त्यानं हात पुसायला थंडगार सुगंधी टॉवेल दिले. दादांनी टोपी काढून टॉवेलानं आधी मान पुसली, मग टक्कल, मग सीटवर रेलून म्हणाले, "सोन्याची लंका म्हन्त्यात ती हीच का?"

दादांना त्या सहलीत जो आनंद होत होता तो बघण्यासारखा होता. गुडघ्यापर्यंतची चड्डी घालून ते पोहण्याच्या तलावात उतरायचे आणि विहिरीत पोहतात तसे हात मारायचे. सकाळच्या नाष्ट्याला फणस, अननस, नारळाच्या दुधातला भात, जाळीदार वाटीसारखी धिरडी, सगळ्याचे फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकायचे. न्हाणीघरातल्या टबात फुलांच्या पाकळ्या टाकलेल्या असायच्या. दादा त्यात तासभर पडून राहायचे. "आक्के, राजावानी वाटतंय गं," असं आतून ओरडून सांगायचे.

आक्का तोवर पलंग आवरत असायच्या. रोज सकाळी चादर ओढून, उशा झटकून त्या अशी काही नीट रचना करायच्या, की पहिल्या दिवशी खोली साफ करणाऱ्या माणसाला वाटलं इथं रात्री कुणी झोपलंच नाही. तो मला विचारायला आला, पाहुणे नाराज आहेत का? संध्याकाळी त्यानं टॉवेलांचा हत्ती करून पलंगावर ठेवला. आक्का म्हणाल्या, "चांगला टावेल असा पिळून ठिवत्यात का?" आणि त्यांनी हत्ती मोडून घड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा हत्ती केला, या वेळी डोळ्यांना दोन लाल बिया लावून. आक्कांनी त्या बिया जपून कनवटीला लावल्या आणि पुन्हा घड्या घातल्या. आम्ही निघालो त्या सकाळी तो मुद्दाम दारापर्यंत आला. आक्कांनी त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

त्या देशात चार-पाच तासांच्या प्रवासात मुलूख बदलतो. कोरड्या सपाट रानात मधेच आकाशाला भिडलेला एकच एक खडक आणि त्यावर जुन्या राजाच्या महालाचे चौथरे. थोडं पुढं गेलं की मिरी, दालचिनी, जायफळाच्या बागा. मग तळ्याकाठचं शहर आणि बुद्धाच्या दाताचं देऊळ. तिथं पांढरे कपडे घातलेली माणसं निळी कमळं घेऊन रांगेत उभी होती. आक्काही कमळं घेऊन उभ्या राहिल्या. मला हळूच म्हणाल्या, "देव कोन हाय ह्यो?" मी म्हटलं, "बुद्ध." "मग आपलाच की," त्या म्हणाल्या आणि फुलं वाहून झाल्यावर खाली पडलेले देठ गोळा करायला लागल्या.

पण त्यांचं लक्ष लागत नव्हतं, हे मला दिसत होतं. हत्ती पाहिले, "मोठा हाय" म्हणाल्या. खडकावरची जुनी चित्रं पाहिली, "झ्याक काढल्यात" म्हणाल्या. गाडीत बसल्या की मात्र काचेला कपाळ टेकवून बाहेर बघत राहायच्या आणि मांडीवर त्यांची बोटं आपोआप हलत राहायची, काहीतरी निवडत असल्यासारखी. मी एकदा विचारलं, "आक्का, आवडत नाही का?" त्या चटकन म्हणाल्या, "आवडतंय की. पोरानं एवढं केलंय. न आवडून कसं चालंल?"

मग आम्ही डोंगरात चढलो. चहाचे मळे लागले. धुकं, गारवा, वळणावळणाचा रस्ता. इंग्रजांच्या काळच्या बंगल्यातलं हॉटेल, शेकोटी, चांदीसारख्या किटलीतून चहा. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथून निघालो. पुढं एक घाट उतरून अभयारण्यात जायचं होतं, बिबट्या बघायला. वाटेत एका वळणावर ड्रायव्हरनं फोटोसाठी गाडी थांबवली. चहाचे मळे संपून तिथं भाजीपाल्याची शेतं सुरू झाली होती. डोंगराच्या उतारावर पायऱ्या पायऱ्यांचे वाफे. कोबी, गाजरं, आणि रस्त्याच्या अगदी खाली, वाळायला लागलेल्या वेलींचं एक शेत. पाच-सहा बायका त्यात वाकून काम करत होत्या.

दादांनी मोबाइल काढला. मी त्यांना नीट उभं करून फोटो घेतला. मागं वळून बघते तर आक्का नाहीत.

त्या बांध उतरून खाली गेल्या होत्या. पांढरे शूज वरच काढून ठेवलेले. एका बाईच्या शेजारी जाऊन त्या उभ्या राहिल्या, तिनं कुदळीनं उचकटलेल्या मातीत हात घातला आणि एक बटाटा वर काढला. अंगठ्यानं माती पुसली. साल जरा खरवडून पाहिली. मग त्या तिथंच, सरीत, लुगडं खोचून बसल्या आणि बटाटे वेचायला लागल्या. मोठे एकीकडं, मधले एकीकडं, गोळी एकीकडं. हात इतके भराभर चालत होते की त्या बायका आपलं काम सोडून बघत राहिल्या.

ती कुदळवाली बाई आक्कांच्याच वयाची होती. तमिळ बोलणारी. तिनं काहीतरी विचारलं. आक्का म्हणाल्या, "चाकण. चाकणचा बटाटा." बाईनं मान हलवली आणि रिकामी पाटी त्यांच्याकडं सरकवली.

मला वाटलं, पाच-दहा मिनिटं रमतील आणि येतील. ड्रायव्हर बोनेटला टेकून उभा राहिला. बराच वेळ गेला. दादा बांधावर जाऊन उभे राहिले.

"चल गं, गाडी खोळंबलीय."

"तुमी व्हा म्होरं. मी हितंच हाय."

"हितंच हाय म्हंजी? बिबट्या बघायचा न्हाई का?"

"बिबट्या आपल्याकडं उसात हाय की!"

ड्रायव्हरला मी हे हिंदीत सांगितलं तर तो हसून हसून वाकला. पण दादा हसले नाहीत. त्यांचा चेहरा उतरला होता. "लोक काय म्हनतील, आक्के? एवढ्या लांब इमानानं येऊन बटाटं येचाया बसली? पोरानं ह्याच्यासाठी धाडलं का आपल्याला?"

आक्कांचे हात थांबले. त्या उठल्या. पन्नास वर्षांत त्या दादांना असं उलटून काही बोलल्या नसाव्यात.

"पोरानं धाडलं. तुमी आनलं. मला कुनी इचारलं का? रान दिलं तवा तरी इचारलं का? सही करायला तेवढं हापिसात नेलं. रान तुमच्या नावाचं, व्हय, खरंय. पर त्यात मी काय पाव्हणी हुते का? त्या दिशी घरी आले तर खुरपं कुठं ठिवायचं तेच मला समजंना. चार दीस उशाला घेऊन झोपले."

मी गाडीकडं वळायला लागले. नवरा-बायकोच्या बोलण्यात आपण उभं राहू नये. पण ऐकल्याशिवाय राहवलंही नाही.

दादांनी टोपी काढली, हातात धरली. मग म्हणाले, "मला वाटलं, तू सुटलीस."

"कशातनं सुटले?"

"लगीन होऊन आलीस तवापासनं तुजी पाठ मी वाकल्यालीच बघितली. पोरगं पोटात हुतं तवा बी सरीतच हुतीस. रान गेलं तवा सगळ्यात पयला इचार मला ह्योच आला, की आता ही निवांत बसंल. कुनीतरी हिच्या म्होरं ताट वाढून ठिवंल. पोराला मीच म्हनलो लंकेचं. तुला राणीवानी फिरवायची म्हून."

आक्का त्यांच्याकडं बघत राहिल्या. मला वाटतं, हे त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

"मग तसं एकदा बोलायचं की तोंडानं," त्या म्हणाल्या.

"न्हाई बोललो खरं."

"पाठ दुखायची. न्हाई कशी? लई दुखायची. पर सांजच्याला आंब्याखाली आरन लावली, वरनं पाला टाकला, की ती बगून बरं वाटायचं. आता पाठ बी दुखत न्हाई, आन बरं बी वाटत न्हाई."

आरण म्हणजे काढलेल्या बटाट्यांची रास. सावलीत रचून पाल्यानं झाकून ठेवतात.

दादांनी टोपी डोक्यावर घातली. खाली बसून बूट काढले, मोजे काढले, ते बुटात कोंबले आणि पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला. "पोती कोन उचलनार हितं?" ते मला म्हणाले. "ह्या बायकाच का? इचार त्या ड्रायव्हरला."

मी पुढच्या हॉटेलला फोन करून एक दिवस उशिरा येतो म्हणून कळवलं आणि आदल्या रात्रीच्या बंगल्यातच आणखी एक मुक्काम धरला.

तो दिवस मला अजून जसाच्या तसा दिसतो. दादा आणि ड्रायव्हर मिळून पोती रस्त्यापर्यंत आणत होते. आक्का आणि ती बाई समोरासमोर बसून निवडणी करत होत्या आणि एकमेकींशी अखंड बोलत होत्या, एक मराठीत, एक तमिळमध्ये. दुपारी बाईनं घरून जाड, नारळ घातलेल्या रोट्या आणि लाल चटणी आणली. "थालपीठच हाय की," आक्का म्हणाल्या. वर स्टीलच्या फुलपात्रातून चहा. त्या चांदीसारख्या किटलीतला चहा आक्कांनी आदल्या दिवशी अर्धा टाकला होता. इथं त्यांनी दोनदा मागून घेतला.

दादांनी विचारलं, "एवढं काय बोलताय गं? काय समजतंय तुला?"

"सगळं समजतंय. तिचा पोरगा शहरात हाय, लवकर येत न्हाई. सून बरी हाय. आन हिचा गुडघा लई दुखतोय, सुजलाय."

ड्रायव्हरला थोडं तमिळ यायचं. त्यानं बाईला विचारून खात्री केली. मुलगा शहरात होता, खरं होतं. सून बरी होती, तेही खरं. गुडघा मात्र गाईचा सुजला होता.

आक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मग उठल्या आणि गोठ्यात जाऊन गाईचा गुडघा बघून आल्या.

निघताना त्या बाईनं निवडक बटाट्यांची एक पिशवी बांधून दिली. आक्कांनी कनवटीच्या त्या दोन लाल बिया काढून तिच्या हातावर ठेवल्या. दुसरं काही जवळ नव्हतं.

नंतर अभयारण्य करून आम्ही समुद्रावर गेलो. हॉटेल असं होतं की खोलीच्या पायऱ्या थेट वाळूत उतरायच्या. तिथल्या आचाऱ्याकडं आक्कांनी ती बटाट्याची पिशवी दिली आणि काय करायचं ते मला सांगायला लावलं. आचारी भला होता. त्यानं त्यांना मुदपाकखान्यातच नेलं, डोक्याला पांढरी टोपी घातली आणि शेगडीसमोर उभं केलं. आक्कांनी लसूण-मिरची ठेचून बटाट्याचा रस्सा केला. पांढऱ्या हातमोज्यांतल्या वेटरनं तो झाकणाच्या मोठ्या ताटात घालून समुद्राकाठच्या टेबलावर आणला आणि आक्कांच्या पुढ्यात अदबीनं ठेवला. दादा म्हणाले, "बघ, ठिवलं का न्हाई ताट म्होरं?" आक्का म्हणाल्या, "रांधलं कुनी पर?"

जेवून दोघं पाण्याकडं गेले. मी वरून बघत होते. एक लाट आली तसा दादांनी आक्कांचा हात धरला. लाट गेली. हात तसाच राहिला. गावात चारचौघांत त्या दोघांना कधी एकमेकांच्या शेजारून चालतानाही कुणी पाहिलं नसेल.

परत आल्यावर काय झालं, ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळत गेलं. त्यांच्या जमिनीतला एक अरुंद पट्टा संपादनातून सुटला होता. एका कंपनीच्या भिंतीला लागून, वेडावाकडा. मुलानं तिथं मुरूम टाकून ट्रक उभे करायची सोय केली होती. आक्कांनी तो पट्टा मागितला. मुलगा मला फोन करून म्हणाला, "ताई, तुम्ही आईला लंकेत काय दाखवलं हो? इकडं मी लोकांना सांगतो, आई आता आराम करते, आणि ही बटाटे लावायचं म्हणते. लोक मला काय म्हणतील?"

पण या वेळी दादा आक्कांच्या बाजूनं उभे राहिले. मुलाला त्यांनी एवढंच सांगितलं, "मागच्या येळंला तिला इचारलं न्हाई. आता ती न इचारता सांगतीय. ट्रक काढ."

मुलानं ट्रक काढले. कुरकुरत काढले, पण काढले. मुरूम खरवडून काढायला मशीनही त्यानंच पाठवलं. शेणखत घातलं. पहिल्या वर्षी निम्मी गोळीच निघाली, गोट्यांएवढी. शेजारच्या कंपनीचे कामगार शिफ्ट सुटली की कुंपणापाशी थांबून बघायचे. त्यांच्यातली मराठवाड्यातली पोरं, घरी रान सोडून आलेली, आक्कांना विचारायची, "मावशी, पाणी कुठून देता?" पुढच्या हंगामात त्यांतलीच दोघं-तिघं सुट्टीच्या दिवशी सरी पाडायला आली. त्या वर्षी बटाटा चांगला झाला.

मी एकदा बघायला गेले होते. एका बाजूला भिंत, तिच्यावर काटेरी तारा, पलीकडून मशिनींचा घुमणारा आवाज. अलीकडं त्या अरुंद पट्ट्यात बटाट्याची पांढरी-जांभळी फुलं. कोपऱ्यात पत्र्याची एक खोली बांधली होती. आक्का आणि दादा आठवड्यातले बरेच दिवस तिथंच राहायचे. आक्कांचा चेहरा पार रापला होता, आणि लंकेच्या फोटोंपेक्षा त्या वयानं लहान दिसत होत्या. "पाठ कशी आहे?" मी विचारलं. "दुखतीय!" त्या मोठ्यानं म्हणाल्या, आणि दादांकडं बघून हसल्या.

असे काही हंगाम गेले. दर काढणीला माझ्या ऑफिसात एक पिशवी यायची.

मग एका वर्षी पिशवी आली नाही. साधा ताप म्हणून आक्कांना दवाखान्यात नेलं, तो छातीत उतरला आणि आठवडाभरात सगळं संपलं. मला कळलं तेव्हा दहावाही होऊन गेला होता.

त्यानंतर काही दिवसांनी दादा ऑफिसात आले. एकटेच, बसनं. दाढी वाढलेली. मी पाणी दिलं. इकडचं-तिकडचं बोलून झालं. त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि ते कसं सांगावं हे सुचत नव्हतं.

"सगळ्यांना कळवलं," ते शेवटी म्हणाले. "भावकी, पाव्हणे, तिच्या माहेरी. कंपनीतली पोरं बी आली हुती. एकच ऱ्हायलं. लंकेतल्या त्या बाईला कोन सांगनार?"

त्या बाईचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. फोन नव्हता, पत्ता नव्हता. मी म्हटलं, "दादा, मी जाईन तेव्हा सांगेन." त्यांनी मान हलवली. जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरलं होतं.

पुढं वाकडचं एक तरुण जोडपं घेऊन मी पुन्हा तिकडं गेले. तोच ड्रायव्हर मागून घेतला. घाटातल्या त्या वळणावर त्यानं मी न सांगता गाडी थांबवली.

शेतात या वेळी गाजरं होती. बायका खाली पसरून खुरपत होत्या. लांबलचक गाडी बघून त्यांतली एक उठली आणि झपाझप बांध चढून वर आली. तीच. केस पुरते पिकले होते. मला ओळखून हसली, पण थांबली नाही; माझ्या बाजूनं पुढं जाऊन तिनं गाडीच्या मागच्या काचेतून आत पाहिलं. आत ते जोडपं होतं. मग वळसा घालून ती दुसऱ्या काचेशी गेली आणि तिथूनही पाहिलं.

मी ड्रायव्हरकडं बघितलं. तो तिच्याजवळ गेला आणि टोपी काढून, हळूहळू, येत होते तेवढ्या शब्दांत त्यानं तिला सांगितलं.

तिचा मातीचा हात तोंडाशी गेला. मग तिनं काहीतरी विचारलं.

ड्रायव्हर माझ्याकडं वळला. "पूछती है, वो दादा ठीक से खाना खाता है?"

मी म्हटलं, सांग तिला, खातात. मुलगा बोलावतो, पण जात नाहीत. रानातल्या खोलीतच राहतात आणि स्वतः रांधून खातात. परवाच म्हणाले, रस्सा जमायला लागलाय.

त्यानं सांगितलं. ऐकता ऐकता ती हसली, आणि हसत असतानाच तिनं तोंड फिरवलं. मग माझ्या दंडावर हात ठेवून, तो जरा दाबून, ती बांध उतरून खाली गेली.

आम्ही लगेच निघालो नाही. ती पहिल्या सरीतल्या बाईपाशी थांबली, काहीतरी बोलली. ती बाई सरळ उभी राहून रस्त्याकडं बघायला लागली. मग पुढच्या सरीतली उभी राहिली. मग तिच्या पुढची. अशी बातमी सावकाश उताराच्या टोकापर्यंत गेली, आणि सगळं शेत उभं राहून आमच्याकडं बघत होतं.